छापलं आहे तसंच टाइप करा

भाऊंची कुजबुज तीन दुकानं पलीकडे ऐकू जायची. चंद्रपुरात आमचं ऑफिस एका आरामशीनच्या वरच्या माळ्यावर होतं. खाली दिवसभर लाकूड कापलं जायचं, त्यामुळे मी साहेबांशी ओरडून बोलायचे, साहेब माझ्याशी ओरडून बोलायचे, आणि कोपऱ्यातून भाऊ अगदी हळू म्हणायचे, "बाई, तिसऱ्या ओळीत कंस राह्यला." ते मला ऐकू यायचंच, पण खाली मशीनवरचा माणूसही मान वर करून बघायचा. त्याचा कसला कंस राहिला, हे त्या बिचाऱ्याला कधी कळलं नाही.

हा आवाज त्यांनी झाडीपट्टीच्या नाटकांत कमावला होता. भाऊ मूळचे वडशाचे. हिवाळा लागला की वडशाहून नाटक कंपन्या गावोगाव निघतात. नाटकं भरपूर आणि तालमी नावाला, त्यामुळे सगळा भार प्रॉम्प्टरवर. भाऊ वीसेक वर्षं प्रॉम्प्टर होते, आणि आमच्याकडे नोकरीला लागल्यावरही हंगामात जायचेच. विंगेत बसून नटाला पुढचं वाक्य द्यायचं, ते नटाला स्वच्छ ऐकू गेलं पाहिजे आणि पहिल्या रांगेतल्या पाटलाला ऐकू जाता कामा नये. भाऊंचं पहिलं अर्ध पक्कं जमलं होतं. दुसऱ्याबद्दल पाटलांची तक्रार असायची, पण नाटक दोनदा ऐकायला मिळतं म्हणून बायका खूश असायच्या.

दिवाळीपासून होळीपर्यंत त्यांच्या अंगावर एकच मरून स्वेटर असे आणि खिशात लवंगा. ऑफिसातल्या कुणाचाही घसा बसो न बसो, भाऊ समोर लवंग ठेवायचे. मला ते पहिल्या दिवसापासून "बाई" म्हणत. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि ऐकून फार रागवायचे. नंतर कळलं की आरामशीनच्या मालकाच्या चौथीतल्या मुलीलाही ते बाईच म्हणतात.

आमचा धंदा सांगायला हवा, कारण तेव्हा तो माझ्या आईलाही कळला नव्हता. आम्ही लायब्ररी विकतो असं मी घरी सांगितलं, तेव्हा आईने शेजारच्या वहिनींसाठी कादंबऱ्या आणायला सांगितल्या. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. तयार मसाल्यासारखी ती. दुसऱ्याने आपला प्रोग्राम लिहायचा, आणि मराठीत पावती, दाखला, कार्ड असं काही छापायची वेळ आली की आमचा तयार तुकडा त्यात टाकायचा. तो साहेबांनी लिहिला होता आणि चांगला लिहिला होता. तेव्हा छपाईयंत्रातून धड मराठी काढणं म्हणजे वाळूतून तेल काढण्यातला प्रकार होता. नागभीडपासून राजुऱ्यापर्यंतची कॉम्प्युटरवाली पोरं आमची सीडी घ्यायची आणि सीडीबरोबर एक पुस्तक मिळायचं. लायब्ररी वापरायची कशी हे सांगणारं ते पुस्तक, म्हणजे भाऊंचा संसार.

साहेबांच्या आणि भाऊंच्या भेटीची गोष्ट साहेबच सांगत. भाऊ त्या वेळी वडशाच्या एका राइस मिलमध्ये कॉम्प्युटरवर होते. एके दिवशी सकाळच्या गाडीने आले, जिना चढले, पुस्तकाची पहिली आवृत्ती टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तुमचं पयलं उदाहरण चालत नाई." साहेब म्हणाले, "चालते." भाऊ म्हणाले, "तुमच्या मशीनवर चालत असन. मी कागदावरचं सांगून राह्यलो." साहेबांनी उदाहरण कागदावरून टाइप केलं. चाललं नाही. दुसरं केलं, चाललं नाही. तिसरं चाललं, पण पावती उलटी छापली. साहेबांनी भाऊंना तिथल्या तिथे नोकरीवर ठेवलं. मला हा त्यांचा मोठेपणा वाटायचा. भाऊंच्या मते त्यांनी घाबरून ठेवलं.

भाऊंचा नियम एकच. लोक पुस्तकातली माहिती वाचत नाहीत, उदाहरण उचलतात. "बाई, तुमी सांगा. गिऱ्हाईक समोर उभं हाये, पावती निघून नाई राह्यली, घाम फुटला. आता हा पोरगा तुमची प्रस्तावना वाचन का? तो उदाहरण पाह्यते, जसंच्या तसं टाइप करते, न् देवाचं नाव घेते." नट अडला की त्याला पात्राचा स्वभाव समजावून सांगायचा नसतो, वाक्य द्यायचं असतं, असंही ते म्हणत. तेव्हा पुस्तकातलं प्रत्येक उदाहरण छापून आल्यावर कागदावरून, शब्द न् शब्द, मी टाइप करायचं. पानावर फूटपट्टी ठेवायची आणि ओळीओळीने खाली सरकवायची. एखादी चूक मी आपसूक सुधारून घेतली की भाऊंना ती कशी कोण जाणे कळायची. "सुधरवू नका. छापलं हाये तसंच टाइप करा." मला एकदा इतका संताप आला की मी उदाहरणाखाली पडलेला चहाचा डागही टाइप करू का असं विचारलं. भाऊंनी डाग नीट पाहिला आणि म्हणाले, "नाई, तो दुसऱ्या प्रतीत नाई."

इंग्रजी पुस्तकांतली उदाहरणं ते मजेने वाचत. पहिल्या उदाहरणात सगळ्या जगाला नमस्कार असतो, हे त्यांना कधीच पटलं नाही. "जगाले नमस्कार करून कोणाचं पोट भरते? गोणीचं वजन छापा." आणि उदाहरणात मध्येच तीन टिंबं देऊन पुढचं वाचकावर सोडलेलं दिसलं, की ते पुस्तक मिटून ठेवत. त्या टिंबांना ते मुंग्या म्हणत. साहेबांनी घाईत लिहिलेल्या एखाद्या उदाहरणात टिंबं असली की ऑफिसभर कुजबुज व्हायची, "साहेब, मुंग्या लागल्या." साहेब खाली मान घालून राहिलेल्या ओळी लिहायला बसायचे.

दिलेलं वाक्य माणूस जसंच्या तसं बोलतो, ही अक्कल त्यांना कुठे आली तेही त्यांनी मला सांगितलं होतं. ब्रह्मपुरीकडच्या एका गावात ऐतिहासिक नाटक होतं. नायक तलवार उपसून खलनायकासमोर उभा, आणि त्याच वेळी नायकाचा टोप घसरायला लागला. भाऊंनी विंगेतून सांगितलं, "टोप सांभाळ." नायक छाती काढून गरजला, "टोप सांभाळ!" खलनायकाने दोन्ही हातांनी स्वतःचा टोप धरला. टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला. पुढच्या गावी भाऊंनी ते वाक्य दिलं नाही, तर नायक येऊन भांडला. तेव्हापासून ते नाटकात कायमचं राहिलं. हसत नव्हते भाऊ हे सांगताना. "त्या दिसापासून मी कोणाले काईही देताना भेतो," म्हणाले.

एवढं भिऊनही व्हायचं ते व्हायचंच. पावतीच्या उदाहरणात गिरणीचं नाव काय द्यावं, यावर एकदा दोन दिवस विचार झाला. खरं नाव दिलं तर दुसऱ्या गिरणीवाले तेच छापतील. शेवटी भाऊंनी लिहिलं, "इथे आपल्या गिरणीचे नाव लिहावे." महिन्याभराने नागभीडहून एक पावती आली. वर ठळक अक्षरांत, दोन्ही बाजूंना फुलं काढून, "इथे आपल्या गिरणीचे नाव लिहावे." भाऊंनी गिरणीमालकाला फोन लावला. मालक म्हणाला, "राहू द्या ना भाऊ, लोकाईले आवडून राह्यलं." भाऊ त्याच संध्याकाळी ते उदाहरण पुन्हा लिहायला बसले. पुढच्या आवृत्तीत नाव भरल्याशिवाय ते उदाहरण चालायचंच थांबलं.

फोनवरची त्यांची पद्धतही सगळ्यांना माहीत होती. कुणाचं काही अडलं की त्याने एसटीडीवरून फोन करायचा, आणि भाऊ म्हणायचे, "वाच." म्हणजे आपला अख्खा प्रोग्राम पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवायचा. भाऊ डोळे मिटून ऐकायचे. चूक आली की डोळे उघडायचे. पोरं कुरकुरायची, पण वाचायची, कारण वाचता वाचता निम्म्या चुका त्यांनाच सापडत.

असाच एका डिसेंबरात वडशाहून रियाजचा फोन आला. रियाजच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्यातच एका टेबलावर याने कॉम्प्युटर मांडला होता. हुशार पोरगा, गोड बोलणारा. त्याची तक्रार बारीक होती. कुरखेड्याच्या पलीकडे जंगलात एका संस्थेचा दवाखाना होता, त्यांच्यासाठी तो सिकलसेल तपासणीची कार्डं छापून देत होता, आणि कार्डाची शेवटची ओळ कागदाबाहेर जात होती. "बस इतनाच हाये भाऊ, 'शुभं भवतु' कटून राह्यलं."

"वाच," भाऊ म्हणाले.

रियाज वाचू लागला. भाऊंनी डोळे मिटले. मी समोर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होते, घरी न्यायच्या होत्या. मध्येच भाऊंनी डोळे उघडले.

"पुना वाच."

रियाजने ती ओळ पुन्हा वाचली. निकालाची जागा रिकामी असेल, तर "निगेटिव्ह" असं छापा.

"हे तू लिवलं?"

"मी काऊन लिवतो भाऊ? तुमच्याच किताबातलं हाये. कार्डाचं उदाहरण. जैसा का वैसा उचललं."

सिकलसेल आमच्या भागात नवं नाही. रक्ताचा आजार, आईबापाकडून येतो. दोघांपैकी एकच वाहक असेल, म्हणजे रक्तात दोष असून स्वतः आजारी नसेल, तर लेकरांना आजार होत नाही, फार तर तीही वाहक होतात. दोघंही वाहक असले, तर लेकराला आजार होऊ शकतो, आणि तो फार वाईट. म्हणून त्या दवाखान्याने गावोगाव सांगितलं होतं की लग्न ठरवण्याआधी दोघांची कार्डं बघा. तपासणी दोन टप्प्यांची होती. पहिल्या साध्या चाचणीत कुणी स्वच्छ निघाला, की तिथला तंत्रज्ञ रियाजकडे जाणाऱ्या यादीत "निगेटिव्ह" टाइप करी. ज्याच्याबद्दल शंका आली त्याचं रक्त पुढच्या चाचणीला नागपूरला जाई, आणि तोवर निकालाची जागा रिकामी ठेवत. रिकामी जागा रिकामीच छापली जाईल, असं तंत्रज्ञाला वाटलं. कुणालाही तसंच वाटेल. आमच्या उदाहरणाने तिथे "निगेटिव्ह" छापलं. ज्यांच्याबद्दल शंका होती, नेमकं त्यांनाच आम्ही स्वच्छ ठरवलं.

हे मला समजायला थोडा वेळ लागला. भाऊंना अजिबात लागला नाही. त्यांनी विचारलं, "कार्डं वाटले का?"

"वाटले ना. पिछले हफ्ते."

उदाहरणात तो शब्द कसा आला, तेही सांगते. आमचं पुस्तक लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये छापलं जाई. पहिल्या पानावर गणपती, चारी बाजूंनी वेलबुट्टी. साहेब देवभोळे. तपासणीच्या कार्डाचं उदाहरण लिहिताना ते म्हणाले होते, पुस्तकात कुणाला आजार दाखवायचा नाही, रिकाम्या जागीसुद्धा चांगलंच काही छापून येऊ दे. "शुभ बोल नाऱ्या," असं मलाच म्हणाले होते, कारण मी दुसरं काहीतरी सुचवलं होतं. शेवटची "शुभं भवतु" ही ओळही त्यांचीच. एका कंसासाठी साहेबांशी आठवडाभर भांडणारे भाऊ तेव्हा काही बोलले नव्हते.

त्या दिवशी मात्र साहेब बोलले. बोलले म्हणजे ओरडले, आणि आरामशीन बंद होती. कंपनी बुडेल, लोक दगड मारतील, आपण फक्त उदाहरण दिलं होतं, कार्ड काही आपण छापलं नाही. भाऊंनी ऐकून घेतलं आणि स्वेटर खाली ओढत म्हणाले, "मी जाऊन राह्यलो." साहेब माझ्याकडे वळले. "बाई, तुमी यांच्यासंगं जा. डॉक्टर बोलन, नर्स बोलन. यायले बोलू देऊ नका." एका प्रॉम्प्टरचं तोंड बंद ठेवायचं काम मला मिळालं.

भर हंगाम होता. भाऊंच्या नाटक कंपनीचे त्याच आठवड्यात तीन गावांत प्रयोग होते. मॅनेजरने ऑफिसात फोन करून त्यांच्या सात पिढ्यांची चौकशी केली. भाऊ म्हणाले, "नाई जमत," आणि फोन ठेवला. मागाहून कळलं की त्यांच्याशिवाय ते नाटक ठरलेल्या वेळेच्या बरंच आधी संपलं. मधले दोन प्रवेश कुणाला आठवलेच नाहीत, आणि मेलेला मामा शेवटी आशीर्वाद द्यायला आला.

आम्ही गाडीने वडशाला गेलो, तिथून रियाजला घेऊन दवाखान्यात. डॉक्टर माणूस शांत होता. आधी छपाई थांबवली, मग नागपूरला फोन करून राहिलेले निकाल लवकर मागवले, आणि जीप आणि एक सिस्टर आमच्याबरोबर दिली. घरोघर जाऊन कार्डं परत घ्यायची आणि निकाल अजून यायचा आहे असं सांगायचं. रियाज सगळा वेळ मागच्या बाकावर हातात पुस्तक धरून बसला होता. "मेरी गलती हाये का भाऊ?" असं त्याने दोनदा विचारलं. "तू छापलं तसं टाइप केलं," भाऊ म्हणाले. "तुही चूक नाई."

लोकांनी आम्हाला मारलं नाही. कुणी कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं होतं, कुणी छपरात खोचलं होतं, एका घरी त्याने कंदिलाची काच पुसली होती. सिस्टर समजावून सांगे, लोक ऐकून घेत, कार्ड देत आणि विचारत, "मंग दुसरं देसान का?" मला हायसं वाटायला लागलं होतं. मग दसरूभाऊचं घर आलं.

दसरूभाऊ म्हणजे शेती आणि मोहफुलं यावर घर चालवणारा साधा गोंड माणूस. आम्ही "जोहार" केला, त्याने बाज टाकली. त्याच्या मुलीची, वनिताची, सोयरीक शेजारच्या गावी नुकतीच ठरली होती. आणि ती कार्डं बघून ठरली होती. त्या पंचक्रोशीत कार्डं जुळवून लग्न ठरवणारं हे पहिलंच घर. गावाने हसून घेतलं, पण दसरूभाऊने ऐकलं, कारण त्याच्या बहिणीचा मुलगा सिकलने गेला होता. दवाखान्याने जे सांगितलं ते त्याने अक्षराला अक्षर पाळलं होतं. आणि वनिताच्या कार्डावरचा "निगेटिव्ह" आमचा होता.

सिस्टरने सांगायला सुरुवात केली. रक्तातल्या पेशी, कोयत्यासारखा आकार, पहिली चाचणी, दुसरी चाचणी. दसरूभाऊ मान हलवत होता आणि त्याला काही कळत नव्हतं. वनिता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती मध्येच म्हणाली, "मंग माहं काय हाये?"

सिस्टर थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी भाऊंकडे पाहिलं. ज्या माणसाने वीस वर्षं अडलेल्याला पुढचं वाक्य दिलं, तो खाली बघत होता.

"माहीत नाई अजून," भाऊ म्हणाले.

"मंग तसंच लिवाचं होतं ना," वनिता म्हणाली.

ती रागाने बोलली नाही. मला मात्र लाज वाटली, आणि साहेबांचा, त्यांच्या वेलबुट्टीचा आणि गणपतीचा भयंकर राग आला. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत त्या ओळीत रिकाम्या जागेसाठी "अजून माहीत नाही" असे शब्द आले. साहेबांनी एकदा वाचलं आणि प्रेसला पाठवलं. "शुभं भवतु" भाऊंनी राहू दिलं, फक्त कागदाच्या आत घेतलं.

नागपूरचे निकाल आठ-दहा दिवसांत आले. वनिता वाहक निघाली. मुलगा पहिल्याच चाचणीत स्वच्छ होता, त्याचं कार्ड खरं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, लग्नाला काही हरकत नाही. पण डॉक्टरांनी सांगणं वेगळं आणि मुलाच्या बापाने ऐकणं वेगळं. सोमजी त्याचं नाव. निकाल कळताच त्याने सोयरीक मोडायचा निरोप धाडला. दसरूभाऊ म्हणे दोन दिवस शेतावर गेला नाही. सिस्टर पुन्हा सोमजीकडे निघाली, आणि भाऊंनी पुन्हा स्वेटर घातला. म्हणजे तो अंगावरच होता, पण बटणं लावली. साहेबांनी मला पुन्हा बरोबर पाठवलं, तीच ताकीद देऊन.

सोमजीच्या अंगणात धान वाळत घातलं होतं. गावातली चार माणसं येऊन बसली होती, मुलगा भिंतीपाशी उभा होता, बायका दारात. सिस्टरने या खेपेला चित्र आणलं होतं. लाल गोल, पांढरे गोल, अर्धे लाल गोल. बाप पांढरा, आई अर्धी लाल, लेकरं अशी किंवा तशी, पूर्ण लाल कुणीच नाही. तिने फार चांगलं समजावलं. मला पहिल्यांदा नीट कळलं ते तिथेच.

सोमजीने चित्र हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं. "बाई, तुमी म्हणता ते असन. पन जानून-बुजून आमच्या घरात काऊन आनाचं? उद्या लेकरू आजारी पडलं तं हे गोल येतीन का त्याले पाहाले?" बसलेली माणसं हो ला हो म्हणाली. मुलगा काही बोलायला गेला, बापाने हात दाखवून गप्प केलं. सोयरीक तुटत होती, सगळ्यांसमोर, आणि त्यात त्या मुलीचा काहीही दोष नव्हता.

तेव्हा भाऊ बोलले. मी त्यांना अडवलं नाही.

"मी बी वाहक आहो," भाऊ म्हणाले.

ते नेहमीसारखेच हळू बोलले होते, म्हणजे शेजारच्या दोन्ही घरांना ऐकू गेलं.

सोमजीने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "तुमी?"

"हो. जन्मापासून."

"दिसत तं नाई."

"दिसतच नाई ते."

"न् बायको?"

"ते स्वच्छ हाये. तपासून घेतलं तिचं. लग्नाच्या आंधी कोणी सांगनारं नोहतं, मागाहून घेतलं. तवर रोज भेत होतो."

"लेकरं?"

"दोन. थोरला बैलं हाकते, धाकटी शाळेत भांडते. दोघंबी धड हायेत. पाह्याचे असन तं वडशाले या, स्टेशनाच्या मांगं घर हाये. जेवूनच जा."

सोमजी उठला, भाऊंजवळ आला, आणि मला वाटलं आता हा काहीतरी बोलेल. त्याने भाऊंचं मनगट धरलं, बैल विकत घेताना पाहतात तसं दाबून पाहिलं, सोडलं. मग दाराकडे तोंड करून बायकोला चहा टाकायला सांगितलं. बायको म्हणाली, दूध नाही. तो म्हणाला, कोराच टाक. मुलगा भिंतीपासून हलला आणि स्वतःच लाकडं आणायला धावला. चहात गूळ फार होता. आम्ही सगळ्यांनी तो दोनदा घेतला, आणि सोयरीक राहिली.

परतताना गाडीत आम्ही समोरासमोर बसलो होतो. भाऊ माझ्यासमोर लवंग धरून होते, मी घेतली. मला त्यांचा अभिमान वाटत होता आणि एक गोष्ट खुपतही होती, आणि मनात ठेवायचा माझा स्वभाव नाही. मी विचारलं, "भाऊ, तुम्ही एकेक उदाहरण दहा वेळा चालवून बघता. माझ्याकडून वीस वेळा टाइप करून घेता. मग हेच कसं सुटलं?"

"सुटलं नाई, बाई. चालवून पाह्यलं होतं."

"मग?"

ते खिडकीबाहेर बघत होते. आणि पहिल्यांदाच ते इतकं हळू बोलले की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"माह्याच नावानं कार्ड छापलं होतं. नाव, गाव, वय, सारं खरं भरलं. निकालाच्या जागी हात नाई चालला, तं रिकामी सोडली. मशीनमधून कार्ड निंघालं. माह्या नावाखाली निगेटिव्ह." त्यांनी स्वेटरचं वरचं बटण काढलं, पुन्हा लावलं. "लई बरं वाटलं, बाई. मंग पुढं तपासलंच नाई."